मुक्काम पोस्ट मनिला

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी दात घासत होतो. इतक्या सकाळी फोन वाजला की आमच्या घरात आधी 'कोण गेलं असेल' याचा अंदाज बांधतात आणि मग फोन उचलतात. पलीकडे ऑफिसातला जुना सहकारी होता. आवाज कापत होता.

"कुठे आहेस?"

"मोरीत."

"मनिलात नाहीस?"

ब्रश तोंडात असल्यामुळे मी मोरी म्हटलं आणि त्याला मनिला ऐकू आलं, अशी माझी समजूत झाली. चूळ भरून मी 'मोरीत, मोरीत' असं दोनदा स्वच्छ उच्चारलं. त्यावर पलीकडून आधी सुटकेचा निःश्वास आला आणि पाठोपाठ शिवी. "मग रात्री अडीच वाजता ती मेल कसली पाठवलीस, गाढवा?"

मेल अशी होती. मी, म्हणजे डोंबिवलीचा मी, कुटुंबासह फिलिपिन्सला चार दिवस हवापालटाला गेलो होतो. मनिलात भर रस्त्यात बंदूक रोखून आमची बॅग लुटली. पैसे, कार्डं, पासपोर्ट सगळं गेलं. विमान काही तासांत सुटणार, हॉटेलवाला बिल भरल्याशिवाय सोडत नाही. तरी कृपया १,८५० डॉलर ताबडतोब पाठवावेत, परत आल्याबरोबर फेडीन. सुरुवातच अशी होती की, हे पत्र मी डोळ्यांत अश्रू आणून लिहीत आहे. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, एवढ्यावरूनच खरं तर लोकांनी ओळखायला हवं होतं.

मी कसला मनिलाला जातोय! माझ्या पासपोर्टची मुदत २०१६ सालीच संपली, आणि तो काढला होता तोसुद्धा राहत्या जागेचा पुरावा म्हणून. बायकोला मेल वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच मुद्दा काढला. "कुटुंबासह म्हणजे मीसुद्धा ना? तुम्ही तीस वर्षांत महाबळेश्वरच्या पुढे नेलं नाहीत. त्या चोराने एका रात्रीत परदेशी नेलं." मग थोडा विचार करून म्हणाली, "आणि डोळ्यांत अश्रू? आपल्या लग्नात सगळा मांडव रडत होता तेव्हा तुम्ही जिलबी मागत होता."

चोराने काय केलं होतं, तर माझ्या ईमेलच्या खात्यात शिरून तिथल्या पत्त्यांच्या वहीतल्या झाडून सगळ्यांना माझ्या नावाने ही मेल धाडली होती. झाडून म्हणजे ६१२ जणांना. आपल्या आयुष्यात ६१२ माणसं आहेत हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. या वहीचं एक आहे, तिच्यात माणूस आपोआप जातो आणि बाहेर कधीच येत नाही. एकदा कोणाला मेल केली की झालं. 'कुलकर्णी गॅस', 'कुलकर्णी गॅस नवीन', चुलत बहिणीच्या लग्नासाठी २००८ साली ज्यांच्याकडे पत्रिका पाठवली आणि ज्यांनी उत्तरही दिलं नाही अशी चौदा स्थळं, एक वधुवरसूचक मंडळ, पंखा दुरुस्त करणारा, आयकराचं काम बघणारा, ज्यांच्याशी मी भांडून बोलणं टाकलं आहे असे तीन जण आणि मी ज्यांची टिंगल केली आहे असे बाकीचे सगळे. या सर्वांपुढे मी एका रात्रीत डॉलरची झोळी पसरली होती. त्या चौदा स्थळांना आज किती बरं वाटलं असेल!

दिवसभर फोन चालू होते. मिरजेहून आत्याचा आला. तिच्याकडे ईमेल नाही, पण तिच्या मुलाने वाचून दाखवली. "अरे, पैशाचं राहू दे," ती म्हणाली, "तिथे तुला जेवायला काय मिळतं?" मी घरीच आहे, हे तिला पटवायला पंधरा मिनिटं लागली. पटलंसुद्धा अर्धंच. कारण शेवटी म्हणाली, "बरं, गेलास ते गेलास. निदान सांगून तरी जायचं." आमच्या भाच्याने मनिलाहून येताना खाऊसुद्धा आणला नाही, हे आता मिरजेत दहा वर्षं तरी टिकेल.

संध्याकाळी कल्याणहून भाची आली. ती कॉम्प्युटरमधली आहे, म्हणजे नक्की काय करते ते आमच्यात कोणाला माहीत नाही, पण प्रिंटर अडकला तरी तिलाच बोलावतात. खुर्चीत बसता बसता तिने डॉक्टरच्या सुरात विचारलं, "मामा, बाहेरचं कुठे काही क्लिक केलं होतंत?"

मी आधी नाही म्हटलं. डॉक्टरलाही मी आधी नाहीच म्हणतो. मग आठवलं. आठ दिवसांपूर्वी एका स्नेह्यांची मेल आली होती. गृहस्थ संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. 'सोबतचे महत्त्वाचे कागदपत्र पाहावेत' एवढंच लिहिलेलं, खाली एक लिंक. दाबली तर मेलचा पासवर्ड मागितला. टाकला. चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा नीट, एकेक अक्षर बघून टाकला.

"दोनदा?" भाची म्हणाली. "पहिल्या वेळेला बरोबरच होता, मामा. त्यांना खात्री करून घ्यायची होती."

म्हणजे चोराने किल्ली मागितली, मी दिली. तो म्हणाला, लागत नाही वाटतं. तर मी ती पदराने पुसून पुन्हा दिली. प्राध्यापकांचं खातंही असंच आधी कोणी तरी पळवलेलं होतं, आणि त्यांना ती मेल आली होती त्यांच्या प्रकाशकांकडून. प्रकाशकांना कोणाकडून आली, ते त्यांना आठवत नाही. लहानपणी पोस्टकार्डं यायची ना, 'हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा, नाही तर कोप होईल'? तसंच हे. फरक एवढाच की तेव्हा अकरा कार्डांचे पैसे घालून हाताने लिहावं लागायचं, त्यामुळे कोप पत्करणारे बरेच निघत. आता लिहिण्याचं कामही परस्पर होतं.

सगळी गोम आहे ती नावात. अनोळखी माणसाने 'कागदपत्र पाहा' म्हटलं असतं तर मी पाहिलं नसतं. अनोळखी मेलांना मी कधीच दाद देत नाही. नायजेरियाच्या कुठल्या तरी दिवंगत मंत्र्याची पत्नी मला वीस वर्षं कोट्यवधी डॉलर देऊ करते आहे, पण मी बधलो नाही. (त्या प्रकाराला जगभर 'चारशे एकोणीस' म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून. आपल्या जुन्या चारशेवीसला एक कमीच.) पण संस्कृतचे प्राध्यापक! ज्या माणसाने जन्मात ऱ्हस्वदीर्घ चुकवलं नाही, तो मला फसवील कसा? चोराला नेमकं हेच हवं असतं. त्याला माझ्या खात्यात रस नव्हता, त्यात होतं काय, तर विजेची बिलं आणि संपादकांची नकारपत्रं. त्याला हवी होती माझी ओळख, चार माणसांत उसनी मागता येईल एवढी पत. ती किती होती ते पुढे येतंच.

भाचीने प्रथम स्वतःच्या लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला. माझ्या कॉम्प्युटरवरून नाही, कारण त्यातच काही बसलं असेल तर नवा पासवर्डही ऐकेल, म्हणाली. मग 'सगळीकडून बाहेर पडा' असं काहीसं दाबलं, त्यासरशी चोर बाहेर गेला आणि बायकोच्या फोनवरची माझी मेलही. खातं परत मिळवायला जो पर्यायी पत्ता आणि फोन नंबर देऊन ठेवतात, तो तपासला. आणि मग सेटिंगमध्ये आत आत जात एका ठिकाणी थांबून म्हणाली, "हे बघा."

चोराने माझ्या खात्यात एक नियम घालून ठेवला होता. येईल ती मेल परस्पर एका भलत्या पत्त्यावर पाठवावी आणि इथली प्रत कचरापेटीत टाकावी. म्हणजे घरात शिरून त्याने पगारी गडीच नेमला होता. पाहुणे आले की त्यांची पिशवी मालकाच्या नकळत शेजारी पोचवायची आणि पाहुण्यांना मागच्या दाराने काढून द्यायचं. नुसता पासवर्ड बदलून भागलं नसतं, चोर गेला असता पण गडी कामावरच राहिला असता. भलता पत्ताही पाहण्यासारखा होता. माझाच, फक्त आडनावात एक अक्षर दोनदा. चष्म्याशिवाय मीसुद्धा माझाच समजलो असतो.

भाचीने गड्याला काढून टाकलं आणि कचरापेटी उघडली. आत त्रेचाळीस उत्तरं होती.

माणसाला आपल्या पश्चात लोक काय म्हणतील ही उत्सुकता असते. मला ते जिवंतपणी, चहा पीत पीत, कचरापेटीत वाचायला मिळालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'आपण परदेश दौऱ्यावर असल्याचे समजले. आपला मेंटेनन्स मे महिन्यापासून थकीत आहे.' चोराने सगळे पत्ते उघडे ठेवले होते आणि सेक्रेटरींनी 'सर्वांना उत्तर द्या' हे बटण दाबलं होतं, त्यामुळे माझा मेंटेनन्स थकल्याचं ६१२ लोकांना समजलं. त्यावर बऱ्याच जणांनी 'मला या यादीतून वगळावे' असं सर्वांना कळवलं. एका स्थळाने मुलीचं लग्न झालं का, अशी चौकशी केली होती. एका शाळासोबत्याने, 'पैसे नाहीत, पण देवाला नवस बोललो आहे.' माझ्या शाळेतल्या सरांच्या पत्त्यावरून त्यांच्या मुलाचं दोन ओळींचं उत्तर होतं. 'बाबा २०१९ साली गेले. तुम्हाला कळवलं होतं.' ते मी दोनदा वाचलं. पुढचं वाचायला जरा वेळ लागला.

सगळ्यांत तत्पर उत्तर एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं. रात्री २:४१ ला मेल गेली, २:४८ ला उत्तर. हे तेच संपादक, ज्यांना मी गेल्या दोन वर्षांत माझ्या साडेसातशे रुपये मानधनाबद्दल अकरा मेल केल्या आणि त्यांच्या सर्व्हरमध्ये नेहमी काही ना काही बिघाड असतो. त्यांनी लिहिलं होतं, 'वाचून वाईट वाटले. मनिलावर पंधराशे शब्दांत खुसखुशीत प्रवासवर्णन जमेल का? फोटो आपणच काढावेत.'

पण कहर केला तो मेहुण्याने. त्याचा चोराशी पत्रव्यवहार पुढे तीन दिवस चालला. इथला गडी काढला तरी त्या जोडाक्षरी पत्त्यावरून चोर त्याला लिहीतच होता. मेहुणा हुशार आहे, निदान त्याच्या बहिणीचं तसं मत आहे. त्याने सरळ पैसे पाठवले नाहीत, आधी परीक्षा घेतली. 'दाजी, तुम्ही खरे दाजी असाल तर सांगा, माझ्या लग्नात भाजी कोणती होती?' चोराने उत्तर दिलं, भाजीचं नंतर बघू, पैसे पाठव. मेहुण्याचा निष्कर्ष असा की, दाजींना आमच्याकडचं काहीच लक्षात राहत नाही, त्यामुळे हे दाजीच. तरी खात्री म्हणून त्याने मराठीत लिहायला सांगितलं. चोराने कुठल्या तरी यंत्रातून काढून पाठवलं : 'मी तुझा दाजी. कृपया दयाळूपणे निधी त्वरित हलवा. हॉटेल व्यवस्थापक माझ्या डोक्यावर उभा आहे.' यावर मेहुण्याने बहिणीला फोन करून सांगितलं की, दाजींची भाषा रिटायर झाल्यापासून फार सरकारी झाली आहे.

त्या संध्याकाळी मी उत्तरं वाचत होतो तोवर भाची माझ्या जुन्या कॉम्प्युटरची तपासणी करत होती. त्यात अजून विंडोज सेव्हन होतं, ज्याची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्येच थांबवली. तपासणीची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. वेळ होता म्हणून मी तिला मनिलाची खरी गोष्ट सांगितली, कारण माझं आणि मनिलाचं नातं जुनं आहे. ती तेव्हा बालवाडीत होती.

मे २०००. आमच्या ऑफिसात चार कॉम्प्युटरवर मेल होती. एका सकाळी आमच्या मोठ्या साहेबांची मेल आली. साहेब असे की, वीस वर्षांत 'बरं' याखेरीज कौतुकाचा शब्द नाही. मेलचा विषय होता, 'आय लव्ह यू'. आत एवढंच, की सोबतचं प्रेमपत्र कृपया वाचावं. ऑफिसात पाच मिनिटं पंख्याचा आवाज ऐकू येत होता. युनियनच्या सेक्रेटरीला हा वेतनवाढीच्या बोलणीत फूट पाडायचा डाव वाटला. हेडक्लार्कनी मेल छापून घेतली, तिच्यावर आवक क्रमांक घातला आणि 'साहेबांचे पत्र. अवलोकनार्थ' असा शेरा मारून फाइल वर पाठवली. वर म्हणजे साहेबांकडेच. मी प्रेमपत्र उघडलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं बोनसचं काही असेल. त्यासरशी माझ्या यादीतल्या सगळ्यांना माझंही प्रेम गेलं, त्यात एक ऑडिटर होते.

ते प्रेमपत्र दिसायला साधी मजकुराची फाइल होती. नावाच्या शेवटी '.टीएक्सटी' दिसे. त्यापुढे आणखी एक शेपूट होतं, '.व्हीबीएस', म्हणजे हा मजकूर नव्हे, चालणारा प्रोग्राम. पण विंडोज ते शेवटचं शेपूट आपल्या मर्यादशील स्वभावाने झाकून ठेवत असे. ब्रिटिश पार्लमेंटला आपली मेल बंद ठेवावी लागली. आणि हे सगळं सुरू झालं होतं मनिलातून. ओनेल डी गुझमन नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी. इंटरनेट परवडत नाही म्हणून लोकांचे पासवर्ड पळवावेत अशा अर्थाचा प्रबंध त्याने कॉलेजला देऊ केला होता, तो कॉलेजने नाकारला. मग त्याने प्रात्यक्षिक केलं. त्याला शिक्षा काही झाली नाही, कारण फिलिपिन्समध्ये तोवर असा कायदाच नव्हता. पुढच्याच महिन्यात केला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच जूनमधला. पुढे एका ब्रिटिश पत्रकाराने त्याला मनिलात शोधून काढलं, तेव्हा तो मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसला होता.

"आणि आता तेच व्हॉट्सअ‍ॅपवर चाललंय," भाची म्हणाली. ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका येते. दिसायला पत्रिका, शेवटी शेपूट '.एपीके'. उघडली की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं, ते बँकेचे ओटीपी वाचतं आणि पुढची आमंत्रणं स्वतःच करतं. म्हणजे पंचवीस वर्षांत प्रेमपत्राचं लग्नापर्यंत आलं. आमच्याकडे काही जणांना याहून जास्त वेळ लागला आहे.

मध्ये दाव्होसला २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स म्हणाले होते की, दोन वर्षांत नको असलेल्या मेलांचा प्रश्न संपलेला असेल. त्याच सुमाराला आमच्या बिल्डरनेही लिफ्ट दोन वर्षांत देतो म्हटलं होतं. दोघांचाही हेतू चांगला होता.

या धंद्याची सुरुवात मात्र सज्जनपणे झाली. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवली. पत्ते छापील यादीतून हाताने टाइप केले होते, आणि इतके की 'प्रति'च्या रकान्यात मावले नाहीत, खालच्या मजकुरात सांडले. आहेराच्या यादीसारखे. लोक चिडले, पण काही म्हणा, माणसाने स्वतःच्या नावावर बोंब ओढवून घेतली. दुसऱ्याचं नाव वापरायची बुद्धी नंतर सुचली, आणि ती सुचायला मेलची घडणच कारणीभूत. अंतर्देशीय पत्रामागे 'प्रेषक' म्हणून कोणाचंही नाव लिहा, पोस्टमन काय आधार कार्ड मागतो? मेलचे १९८२ साली ठरलेले नियमही असेच भाबडे. त्यामुळे पुष्कळदा खातं फुटलेलंच नसतं, कोणी तरी परस्पर 'प्रेषक'मध्ये तुमचं नाव घातलेलं असतं, आणि तुम्ही घरी बसून उगाच पासवर्ड बदलत असता. हल्ली टपाल खरंच त्या गावाहून निघालं का, हे पाहणारे शिक्के निघाले आहेत. पण माझ्या बाबतीत तेही निरुपयोगी. माझं पत्र माझ्याच घरातून, माझ्याच शिक्क्याने निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी विचारलं, "किती गेले?"

"माझे काही नाही."

"मग काय गेलं?"

"नाव."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावायचा, वेळेत लावला तर खात्यात अडवता येतात. नावाचं अडवता येत नाही." तरी कायद्यात सोय आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. माझ्या नावाची किंमत लाखापर्यंत जाऊ शकते हे ऐकून मी जरा ताठ बसलो. अर्ज लिहून दिला.

प्रत्यक्ष बाजारात मात्र भाव निराळा निघाला. ६१२ लोकांपैकी पैसे पाठवायला निघाले दोघे. एक मेहुणा, पण तो भाजीवर अडला. दुसरे आमच्या ऑफिसातले जुने शिपाई. त्यांनी नातवाकडून मेल वाचून घेतली, पासबुक घेतलं आणि बँक उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले. कॅशियरने 'मनिला' ऐकून त्यांना परत पाठवलं. मला कळल्यावर मी फोन केला तर म्हणाले, "साहेब, पाच हजारच होते. तुम्ही अठराशे म्हणत होता, ते कसले ते मला काही कळलं नाही."

आता माझ्या खात्याला दोन कुलपं आहेत. पासवर्ड टाकला की फोनवर आकडा येतो. फोन बहुतेक वेळा बायकोच्या हातात असतो, त्यामुळे माझ्या मेलमध्ये शिरायला आधी मलाच ती विचारते, "कशाला?" चोर याला कंटाळेल की नाही माहीत नाही, मी कंटाळलो आहे. कालनिर्णयच्या मागे लिहिलेले जुने पासवर्ड भाचीने खोडले. सात ठिकाणी एकच होता, आडनाव आणि एकदोनतीन. ६१२ लोकांना खुलाशाची मेल केली. त्यावर एकोणीस जणांनी उलट कळवलं, 'ही मेल संशयास्पद वाटते. तुमचं खातं हॅक झालेलं दिसतं.'

हा लेख त्याच संपादकांना पाठवला. सोबत मागच्या साडेसातशे रुपयांची आठवण केली. या खेपेला उत्तर तासाभरात आलं : 'लेख मिळाला. पैशाची मागणी असल्यामुळे ही मेल खरोखर आपलीच आहे का, याची फोनवर खात्री करून घेऊ.'

याला पाच आठवडे झाले. फोन आलेला नाही.